दोर सैल करा, भावजी

शुक्रवारी तुमची शोकसभा झाली, भावजी. शाळेचा हॉल मिळाला होता, त्याचं भाडं कुणी भरलं ते मी विचारलं नाही. तुमच्या फोटोपुढे पोरांनी ढोल वाजवला आणि वाईट वाजवला. शारजातली दमट हवा, ढोलाचं चामड्याचं पान सैल पडलेलं, थाप मारली की ओल्या गादीवर धपाटा घातल्यासारखा आवाज. तुम्ही असता तर वाजवणाऱ्याच्या हातातलं टिपरू काढून घेतलं असतं आणि भरल्या सभेत त्याचा पाणउतारा केला असता. फोटोत मात्र तुम्ही छान हसत होता. फोटोत तुम्ही नेहमीच शहाणे दिसता.

मग रोहन बोलायला उभा राहिला. तुमचा पट्टशिष्य, पथकातला पहिला ताशेवाला. आता बँकेत आहे, टाय लावून आला होता. त्याने अल ऐनची गोष्ट सांगितली. बसमध्ये ढोल कसे फुटले, तरी दिगूकाका, म्हणजे तुम्ही, कसा एकटा वाजवत राहिला, घामाने शर्ट कसा अंगाला चिकटला. ‘पुण्याच्या त्या दुकानदाराने चामडं खराब दिलं होतं,’ तो म्हणाला, ‘बट काका डिडन्ट गिव्ह अप!’ सगळा हॉल हसला आणि मग डोळे पुसू लागला. मी पहिल्या रांगेत बसून पदर हातात पिळत होते. चामडं खराब होतं म्हणे! तुम्ही मेलात, पण तुमचं खोटं ठणठणीत जिवंत आहे.

मलाही बोलायला लावलं. ‘भावजी फार हौशी होते,’ एवढं म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं वहिनींना भरून आलं. भरून आलंच होतं, पण ते संतापाने. तुमचा भाऊ तुम्हाला घेऊन गावी गेला आहे, मी दिवाळीच्या ऑर्डरींसाठी इथे थांबले आहे. लेक सभेपुरती आली आणि आपल्या घरी गेली, इथे बोलायला कुणी नाही. म्हणून हॉलमध्ये जे गिळलं ते आज तुम्हाला ऐकवते. तुम्हाला उठून गॅलरीत सिगरेट ओढायला जाता येणार नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं. ‘वहिनी, माझं चुकलं.’ तीन शब्द. त्यासाठी मी वर्षानुवर्षं थांबले, तुम्हाला जेवायला वाढत थांबले, आणि तुम्ही ते न बोलता गेलात.

तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा आमची मानसी नुकती शाळेत जायला लागली होती. तुमच्या भावाने व्हिसा काढला, अल कोझमधल्या कंत्राटदाराकडे ड्राफ्ट्समनची नोकरी लावली. शारजाच्या आमच्या फ्लॅटमधली छोटी खोली तुमची झाली. महिना-दोन महिने, असं ठरलं होतं. दीर धाकटा, त्यात गोड बोलणारा. वहिनीने काय म्हणायचं? माझ्या भाजीत मीठ कमी-जास्त झालं तरी तुम्ही ‘वा’ म्हणायचात. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की ज्याची जीभ एवढी गोड आहे त्याला अडचणीचं काही बोलता येणार नाही.

पथक निघालं ते गणपतीत. मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये गणपती बसवला होता आणि आरतीनंतर ढोल-ताशाची कॅसेट लावली. तुम्ही घरी आलात ते पाय आपटत. ‘वहिनी, कॅसेटवर गणपती नाचवतात हे लोक! पोरांनी ढोल पाहिलेला नाही, ढोल! मानसीला विचारा, ती म्हणेल बिग ड्रम.’

‘बिग ड्रमच आहे तो, काका,’ मानसी म्हणाली होती.

पुढच्या सुट्टीला तुम्ही गावाहून येताना दोन ढोल आणि एक ताशा घेऊन आलात. एअरपोर्टवर तुम्हाला दोन तास बसवून ठेवलं, ढोलात काय आहे म्हणून. ढोलात हवा होती. तेव्हापासून आमच्या घरात जी हवा शिरली ती शिरलीच. गॅलरीत ढोल, न्हाणीघरात ढोल, माझ्या पिठाच्या डब्यांवर ताशे. कपडे वाळत घालायला जागा नाही म्हणून मी पाहुण्यांच्या खोलीत, म्हणजे तुमच्या खोलीत, दोरी बांधली तर तुम्ही म्हणालात, ‘वहिनी, ओल्या कपड्यांनी पान सैल होतं.’ माणसांच्या कपड्यांपेक्षा बकऱ्याच्या कातड्याची काळजी!

आणि पैसा. भावजी, तुमचं पथक पैसा पीत होतं. शुक्रवारी हॉलमधली माणसं ‘आपली संस्कृती’ म्हणून रडत होती, त्यातल्या निम्म्यांनी तुम्हाला कधी फी दिली नव्हती. टेनिसला द्यायचे, गणिताच्या शिकवणीला द्यायचे, किबोर्डच्या क्लासला द्यायचे. ढोलाला का द्यायची? तो तर आपल्याकडे फुकट वाजतो! तुम्हीही असे की पहिल्या महिन्यात कुणी फी दिली नाही की दुसऱ्या महिन्यात मागायची तुम्हालाच लाज. पान फुटलं की ते तिकडून आणायचं. मग पुण्याहून, मुंबईहून कोण येतंय ते शोधायचं, त्याच्या सामानात कातडं कोंबायचं. साठे वहिनींच्या मुलीच्या लग्नाच्या साड्यांना महिनाभर बकऱ्याचा वास येत होता, त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

पोरांना घेऊन तुम्ही गावोगाव हिंडायचात. अबू धाबी, रास अल खैमा, एकदा तर फुजैराच्या डोंगरापलीकडे. बस भाड्याची, पेट्रोल वेगळं, वीस-पंचवीस पोरांचं जेवण माझं. मंडळं मानधन म्हणून शाल आणि नारळ द्यायची. शालींचं मला काही करता आलं नाही, या वाळवंटात शाल कोण पांघरणार? नारळांची मात्र मी बर्फी केली आणि विकली, आणि ते पैसे तुमच्या पुढच्या बसला घातले. तुमच्या सत्काराची बर्फी लोक माझ्याकडून विकत घेऊन खात होते. हे शोकसभेत कुणी सांगितलं नाही.

सरावाला जागा नव्हती. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे रखवालदार, मलबारी, बिचारा दर शुक्रवारी जिन्यात येऊन हात जोडायचा, ‘दीदी, पोलीस आयेगा.’ हॉलचं भाडं परवडेना. शेवटी तुम्ही पोरांना घेऊन गेलात सोनापूरला, मुहैस्नाहच्या लेबर कँपांपलीकडच्या मोकळ्या वाळूत. आयांनी केवढा गहजब केला. आमच्या मुलांना कँपात? मीही केला. मग एका शुक्रवारी डबे पोचवायला आले आणि पाहिलं. कँपातली माणसं आंघोळ करून, केस विंचरून, धुतलेल्या लुंग्या नेसून गोल करून बसली होती. आमच्या पोरांना तोवर कुणी एवढं मन लावून ऐकलं नव्हतं. घरात तोंडातून शब्द न काढणारी माझी मानसी ताशा गळ्यात अडकवून मध्ये उभी होती आणि तिने काडी उचलली की दीडशे-दोनशे माणसं गप्प होत होती. घरी येताना ती गाडीत सारखी बोलत होती, आणि मराठीत. त्या दिवशी मी तुम्हाला मनातून माफ केलं होतं. ढोल, बकरा, गॅलरी, सगळं. हे तुमच्या खात्यावर आहे, मी नाकारत नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

मला दुकान हवं होतं, भावजी. तुम्हाला ते माहीत होतं. घरातल्या ओट्यावर किती वर्षं चकल्या तळायच्या? परवाना नाही, पाटी नाही, ओळखीवर विकायचं आणि कुणी तक्रार केली तर कढई बंद. करामामध्ये एक गुजराती म्हातारा आपलं फरसाणाचं दुकान सोडून मुलाकडे निघाला होता. मला म्हणाला, ‘बेन, तमे लो. दूसरे को नहीं दूँगा. लेकिन एडव्हान्स दिवाली से पहले.’ आमच्या भिशीत त्या महिन्यात माझा नंबर होता. मी पाटीचा रंगसुद्धा ठरवला होता, हिरवा. मानसी म्हणाली होती, ‘आई, ग्रीन इज फॉर फार्मसी.’ मी म्हटलं, असू दे, भूक हाही आजारच आहे.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही नाचत आलात. अल ऐनची एक कंत्राटदार कंपनी, तिचा मोठा समारंभ, मालकाला म्हणे भारतीय ढोल फार आवडतो. समारंभ पसंत पडला तर वर्षभर पथकाचा खर्च त्यांचा. बस त्यांची, सरावाला एसी हॉल त्यांचा.

‘वीस हजार दिरहॅम, वहिनी! वर्षाला! म्हणजे सव्वादोन लाख रुपये! नारळाची बर्फी खलास!’

‘देतील तेव्हा खरं.’

‘देणार. फक्त एकदा झोकात गेलं पाहिजे. नवी पानं, नवे कुडते, चांगली बस. आठ दिवसांत पैसे परत. इन्शाल्ला.’

‘भावजी, भिशीचे पैसे दुकानाचे आहेत.’

‘दुकान कुठे जातंय? आठ दिवस, वहिनी. माझ्यावर विश्वास नाही?’

तुमचा भाऊ पेपरमागून म्हणाला, ‘दे गं, पोरांचं आहे.’ तुमच्या भावाने आयुष्यात दुसऱ्याच्या पैशाबाबत इतकं चटकन मत कधी दिलं नव्हतं. मी दिले. डोळे उघडे ठेवून दिले, कारण मानसी त्यात होती आणि कारण सोनापूरची ती वाळू माझ्या डोळ्यांपुढे होती. त्याचा मला पश्चात्ताप नाही. हरणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यावर मी रागावत नाही.

आता त्या सकाळचं. पार्किंगमध्ये बस उभी होती, सप्टेंबरचा महिना, हवा अशी की नुसतं उभं राहिलं तरी ब्लाउज भिजावा. नव्या पानांचे ढोल तुम्ही रात्रीच कसून ठेवले होते. दमट हवेत पान सैल पडतं म्हणून दोर आणखी खेचले, पाय लावून खेचले. टणटणीत आवाज निघत होता, मान्य. पण पथकातल्या सगळ्यात लहान पोरालाही तुम्ही पहिला धडा काय शिकवला होता? वाजवून झालं की दोर सैल. प्रवासाला निघताना दोर सैल. इथली हवा समुद्राची, आतली हवा वाळवंटाची. कोरड्या हवेत कातडं आवळतं, त्याला आवळायला जागा ठेवायची. हा धडा पोरांकडून तुम्ही घोकून घ्यायचात. मी डाळ निवडता निवडता इतक्यांदा ऐकला होता की मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितला असता.

पोरं ढोल बसच्या पोटात ठेवत होती. मी बघितलं, एकाचाही दोर सोडलेला नाही. मी म्हटलं, ‘भावजी, दोर सैल करायचे राहिले.’

‘राहिले नाहीत. मुद्दाम ठेवलेत.’

‘का?’

‘मालक गेटवर उभा असणार. बसमधून उतरल्या उतरल्या वाजलं पाहिजे. तिथे जाऊन तासभर दोर कसत बसू? शोभा होईल.’

‘अहो, अल ऐनला पोचेपर्यंत—’

मी वाकून एका ढोलाच्या गाठीला हात घातला, आणि तुम्ही ओरडलात. सगळ्या आया उभ्या होत्या, पोरं उभी होती, साठे वहिनी होत्या. ‘वहिनी, हात लावू नका! तुम्ही चकल्या बघा!’

आया हसल्या. मी हात काढून घेतला. तुम्हीही हसलात, गंमत केल्यासारखं, आणि टाळी वाजवून म्हणालात, ‘यल्ला, यल्ला, बसा रे!’ मी डब्यांची पिशवी घेऊन बसमध्ये शेवटच्या सीटवर जाऊन बसले.

शहर मागे पडलं, तांबड्या वाळूच्या टेकड्या लागल्या. पोरं गाणी म्हणत होती. अल ऐन अर्ध्या तासावर असेल तेव्हा पायाखाली धाडकन आवाज झाला. पोरांनी ‘टायर! टायर!’ म्हणून कल्ला केला. बस हळू झाली आणि तेवढ्यात दुसरा आवाज. पोरं हसली, दोन टायर! पठाण ड्रायव्हरने बस कडेला घेतली, उतरून एक चक्कर मारली आणि दारातून आत डोकं घालून म्हणाला, ‘टायर ठीक है, भाईसाब. आपका सामान है.’ तो बोलत असताना तिसरा फुटला. मग कुणी हसलं नाही. तुम्ही पुढच्या सीटवर होता. मला तुमची फक्त मान दिसत होती आणि ती मान वळून मागे बघत नव्हती.

खाली बसच्या पोटाचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली. पानं मधोमध उभी चिरली होती. उरलेल्यांचे दोर तुम्ही घाईघाईने सोडायला लागलात, गाठी इतक्या आवळल्या होत्या की बोटं सोलली, आणि सोडता सोडता आणखी दोन गेले. मी तिथेच उभी होते. मला वाटलं, आता हा माणूस मान वर करेल आणि म्हणेल. आत्ता म्हणेल.

तुम्ही मान वर केलीत आणि पोरांना म्हणालात, ‘माल खराब निघाला रे. पुण्यात फसवलं आपल्याला.’

पुढचं रोहनने सांगितलंच. तुम्ही उरलेले ढोल आळीपाळीने वाजवले, ताशांनी खिंड लढवली, माझी मानसी ताशा वाजवता वाजवता रडत होती. तुम्ही जीव तोडून वाजवलं, मी पाहत होते. त्या माळावर त्या दिवशी तुमच्याएवढं कुणीच वाजवलं नसतं. पण मालक पाच मिनिटांत आत निघून गेला आणि त्याचा मॅनेजर येऊन म्हणाला, ‘हबीबी, धिस इज नॉट व्हॉट यू प्रॉमिस्ड.’ पोरांना बिर्याणीची पाकिटं मिळाली. आम्ही परत आलो.

करामाचं दुकान एका मोबाईलवाल्याने घेतलं. दिवाळीपूर्वी मी तिथून गेले तर काचेला निळी पाटी लागली होती. मी उभी राहून वाचली. गुजराती बाबा मला टाळायला दुसऱ्या फुटपाथवर गेले, इतका तो माणूस शरमला होता. ज्याने शरमायला हवं होतं तो घरी सोफ्यावर बसून तुमच्या भावाला सांगत होता, ‘दादा, चामड्याचं काही खरं नसतं, नशीब.’ आणि तुमचा भाऊ मान डोलावत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. दुकान गेल्याचं दुःख मी महिन्याभरात गिळलं असतं, भावजी. पैसे काय, तुम्ही पुढे थोडे थोडे आणून ओट्यावर डब्याखाली ठेवत राहिलात, ते मी पाहिलं. पण आयांच्या देखत ‘तुम्ही चकल्या बघा’ म्हणालात, आणि मग जे मी म्हटलं तेच घडलं, आणि मग तुम्ही ते पुण्यातल्या कुणा गरीब दुकानदाराच्या माथी मारलंत. त्या बिचाऱ्याच्या नावावर शुक्रवारी शोकसभेत लोक हसले.

पथक त्यानंतर दोन-तीन वर्षं रखडलं. मोठी पोरं शिकायला परदेशी गेली, लहान पोरांच्या आयांना सोनापूर नको होतं. तुम्ही पगारातून बस करायचात, मग बस बंद झाली, मग दोघा-तिघांच्या गाड्यांतून जायचात, मग तेही बंद. तुम्ही लग्न केलं नाहीत. विचारलं की म्हणायचात, ‘ढोलाशी झालंय.’ तो ढोलही आमच्याच घरात नांदत होता. नंतर तुम्ही अल कुसैसला खोली घेतलीत आणि एकच ढोल बरोबर नेलात.

आणि तरी दर दिवाळीच्या आधी तुम्ही यायचात. मी न बोलावता. अल ऐनच्या त्या वर्षी माझं मनगट दुखायला लागलं होतं, सोऱ्या दाबवेना. एका शुक्रवारी तुम्ही आलात, हात धुतलेत, ओट्यापुढे स्टूल ओढलंत आणि माझ्या हातातून सोऱ्या घेतलात. थाप मारून मारून घट्टे पडलेले तुमचे हात. चकली अशी सरसर पडायची की मी तळायला कमी पडायचे. दिवसभर तुम्ही पाडायचात, मी तळायचे, दोघांत शब्द नाही. मग पुढच्या वर्षी. मग त्याच्या पुढच्या वर्षी. मानसी एकदा मला म्हणाली, ‘आई, दॅट्स हिज वे ऑफ सेइंग सॉरी.’ मी तिला म्हटलं, सॉरीला तोंड असतं. ज्या तोंडाने भरल्या पार्किंगमध्ये ओरडता येतं त्या तोंडाने सॉरीही म्हणता येतं. आजही माझं तेच मत आहे. चकल्या उत्तम होत्या. तुमच्यासारख्या चकल्या मला स्वतःला पाडता येत नाहीत. पण ते माफी मागणं नव्हतं, भावजी, मी ते तसं धरणार नाही.

दसऱ्याला तुम्ही शेवटचे जेवायला आलात. थकलेले दिसत होता, तुमच्या भावाने विचारलंही. मी श्रीखंड वाढता वाढता सरळ विषय काढला. माझंही वय होतंय, किती थांबू? म्हटलं, ‘भावजी, अल ऐनला दोर सैल केले असते तर?’

तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, ‘इतकी वर्षं झाली वहिनी, अजून तेच?’

‘हो. तेच.’

‘मग श्रीखंड वाढा थोडं आणखी. तुमच्याशी भांडायला ताकद लागते.’

तुमचा भाऊ हसला. मी वाढलं, पण कमी वाढलं. मुद्दाम कमी वाढलं. त्यानंतर आठवडाभरात तुमच्या रूमपार्टनरचा फोन आला. आता ते अर्ध्या चमच्याचं श्रीखंड मला छळणार का? नाही छळणार. तुम्ही एक वाक्य बोलला असता तर मी अख्खं पातेलं तुमच्यापुढे ठेवलं असतं.

शोकसभा संपल्यावर पोरं तुमचा तो ढोल घेऊन माझ्याकडे आली. वाईट वाजल्याची त्यांना लाज वाटत होती. मागच्या खोलीत नेऊन त्यांनी दोर खेचले, पाय लावून, अगदी तुमच्यासारखे. टणटणीत आवाज काढून दाखवला. ‘काकू, हा तुमच्याकडेच असू दे,’ रोहन म्हणाला. मानसी म्हणाली, ‘आई, लेट्स टेक इट.’ मी नको म्हटलं नाही.

घरी आणून टीव्हीशेजारी ठेवला. दिवसभर एसी चालू होता, चकलीच्या भाजणीला ओल लागू नये म्हणून मी तो बंद करत नाही. आज सकाळी भाजणी चाळत होते तर कुरकुर ऐकू आली. मला वाटलं खिडकी. पुन्हा आली. ढोलाकडून येत होती. एसीच्या कोरड्या हवेत पान आवळत होतं, दोर करकरत होते. मी हातातली चाळण ठेवली.

खरं सांगते, क्षणभर वाटलं, फुटू दे. बघत बसते. तुमचा लाडका ढोल तुमच्याच पोरांनी तुमच्यासारखाच कसलाय, फुटू दे एकदाचा. मी सोफ्यावर बसले सुद्धा. मग उठले, हात पदराला पुसले आणि ढोल मांडीपाशी ओढला.

गाठ घट्ट होती, नखाने सोडवावी लागली. सोडता सोडता माझा हात थांबला आणि मी दाराकडे बघितलं, उगाच, सवयीने. ‘वहिनी, हात लावू नका’ म्हणून ओरडत कुणी आलं नाही. दार बंदच होतं. मग मी रडले, भावजी. तुमच्यावरचा राग जराही कमी न होता रडले, एवढं लक्षात ठेवा. आणि रडत रडत एकेक फेर सोडवत गेले, शेवटच्या गाठीपर्यंत. कुरकुर थांबली.

पान वाचलं, भावजी. एवढंच तर करायचं होतं.